कान गेले ते तापाने नव्हे

त्या घरात कुणाचं अंग तापलं की आई आधी त्याच्या कानाशी टाळी वाजवून बघायची. लेकरू दगावेल ही भीती नव्हती, भीती कानांची होती. थोरला मुलगा सातव्या वर्षी तापातून उठला तो ठार बहिरा होऊन. त्यानंतर तीन वर्षांनी ताईचंही तेच झालं, तेव्हा ती नऊ वर्षांची होती. दोघंही जन्मापासून चांगलं ऐकत होती. ताईला तर एकदा ऐकलेलं गाणं पाठ व्हायचं. धाकटी तेवढी वाचली, आणि ती का वाचली हे कुणालाच सांगता येईना. त्याच वस्तीत राहणारी आईची एक मावसबहीणही त्याच सुमारास तापानंतर बहिरी झाली, त्यामुळे लोकांना बोलायला आयतंच निमित्त मिळालं. कूसच खोटी, असं ते म्हणायचे. आईचे स्वतःचे कान ठणठणीत होते, त्यामुळे तिला सगळं ऐकू यायचं.

ताईला ताप आला त्याच आठवड्यात धाकटीलाही आला होता. दवाखान्याचा कंपाउंडर रोज सकाळी सुई द्यायला घरी यायचा. ताई शहाण्यासारखी दंड पुढे करायची. धाकटी पाच वर्षांची होती. सायकलची घंटी वाजली की ती शेजारच्या काकूंच्या पलंगाखाली, ट्रंकांच्या मागे जाऊन बसायची. दोन दिवस सगळ्यांनी शोधलं. तिसऱ्या दिवशी ताप आपोआप उतरला आणि कंपाउंडरही म्हणाला, राहू द्या आता. ताईने मात्र दहा सुया घेतल्या. पुढे कितीतरी वर्षं ही गोष्ट घरात हसत सांगितली जायची: ताई वाघीण आणि धाकटी भागूबाई. धाकटीही हसायची.

मोठेपणी धाकटीला एका मोठ्या सरकारी रुग्णालयात नोकरी लागली, तळमजल्यावरच्या रेकॉर्ड रूममध्ये. तिथे छताला टेकलेली लोखंडी रॅकं, दोरीने बांधलेले गठ्ठे आणि कायम सर्दी करणारी धूळ. सव्वीस वर्षांत तिचं नाव लोक विसरून गेले, सगळे तिला रेकॉर्डबाई म्हणायचे. तिने लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, स्थळाची फाइल असती तर शोधून काढली असती. ताईचं लग्न झालं होतं. ती शिवणकारखान्यात काजं करायची, समोरच्याचे ओठ वाचायची आणि एकसुरी, थोड्या चढ्या आवाजात बोलायची. तिला एकच मुलगी. त्या भाचीवर रेकॉर्डबाईचा आईइतकाच जीव.

एक दिवस रेकॉर्ड रूममध्ये एक संशोधक आली. तिशीची, पाठीवर सॅक, आणि तोंडात सतत प्रश्न. दोन दिवसांत सगळे तिला चौकशीवाली म्हणू लागले. लहानपणी चांगलं ऐकू येत असताना मध्येच बहिरे झालेले लोक ती शोधत होती. त्यांच्या रक्तात काय आहे आणि बाहेरून त्यांच्या अंगात काय गेलं, अशा दोन्ही गोष्टी तिला शेजारी शेजारी ठेवून पाहायच्या होत्या. आजवर कुणी नुसतं रक्त पाहिलं तर कुणी नुसतं औषध, असं ती म्हणायची. बहिऱ्यांच्या शाळेतून तिने नावं आणली होती, आता तिला त्यांचे जुने केसपेपर हवे होते.

रेकॉर्डबाईने दोन महिने गठ्ठे सोडले. त्या यादीत थोरल्याचं आणि ताईचं नाव आहे हे तिने सुरुवातीला सांगितलंच नाही. वस्तीतला तो दवाखाना याच रुग्णालयाचा होता, त्याचे कागदही इथेच होते. ताईचा कागद सापडला तेव्हा ती रॅकाच्या शिडीवर उभी होती. कंपाउंडरचं तिरपं अक्षर तिने लगेच ओळखलं. ताप, आणि खाली दहा दिवस तेच औषध: स्ट्रेप्टोमायसिन. थोरल्याच्या कागदावर ताप वेगळा, साल वेगळं, औषध तेच. आणि तिचा स्वतःचा कागद: औषध लिहिलेलं, पुढे दोन दिवस 'मूल सापडले नाही', तिसऱ्या दिवशी फुली.

ती शिडीवरून उतरली, तिन्ही कागद चौकशीवालीपुढे ठेवले आणि म्हणाली, ही आम्ही भावंडं.

चौकशीवालीने घाई केली नाही. ताईला ताप आला त्या महिन्यात तेच औषध घेतलेले आणखी सव्वीस रुग्ण गठ्ठ्यात होते. तिने त्यातले एकोणीस जण शोधून काढले. अठरा जणांचे कान शाबूत होते. एकोणिसावी होती आईची ती मावसबहीण. मग चौकशीवालीने रेकॉर्डबाईचं रक्त तपासायला पाठवलं. तीन आठवड्यांनी अहवाल आला तेव्हा ती सावकाश म्हणाली, "बाई, तुमच्या रक्तात एक बारीकसा फरक आहे. तो आईकडून मुलांकडे येतो, बापाकडून येत नाही. नुसत्या त्या फरकाने तुमच्या घरात कुणाचे कान गेले नाहीत, तुमचेच बघा. औषधही वाईट नाही, त्याने हजारो जीव वाचवलेत. पण या दोघांची गाठ पडली की कानाच्या आतल्या पेशी मरतात. कधीकधी एका सुईतसुद्धा."

रेकॉर्डबाईने विचारलं, हे आधी कळलं असतं तर?

तर दुसरं औषध दिलं असतं, असं उत्तर मिळालं. इतकं सोपं होतं ते.

तिला आनंद व्हायला हवा होता. आईच्या माथ्यावरचा डाग पुसला गेला होता, जरी ते पाहायला आई उरली नव्हती. पण तिला ती पलंगाखालची जागा आठवत राहिली. ताई शहाण्यासारखी वागली म्हणून बहिरी झाली आणि आपण पळपुट्या म्हणून वाचलो, हे तिच्या घशाखाली उतरेना.

ती अहवाल घेऊन ताईकडे गेली. ताईने ओठ वाचले, कागद वाचला आणि कागद उलटा करून ठेवला. भाचीचं लग्न होऊन जेमतेम आठ महिने झाले होते. सासरच्यांना ताईचं बहिरेपण माहीत होतं, पण तापाने गेले कान, असंच सांगितलेलं. रक्तातलं आहे म्हटलं की पोरीला ते घरात कसं वागवतील? आईला जन्मभर जे ऐकावं लागलं ते आता माझ्या लेकीने ऐकायचं का, असं ताई म्हणाली. मुलीला सांगायचं नाही, जावयाला नाही, कुणालाच नाही. तिने धाकटीचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून शपथ घातली. निदान मुलीला दिवस गेले की मी स्वतः सांगेन, असंही म्हणाली. रेकॉर्डबाईने मान हलवली. पण भाचीला दिवस गेले, नऊ महिने भरले, आणि ताईने उद्या उद्या करत तोंड उघडलं नाही. शपथेखाली दबलेली रेकॉर्डबाईही गप्प राहिली. त्याबद्दल तिने स्वतःला पुढे कधी माफ केलं नाही.

मुलगी झाली. तीन दिवस सगळं छान होतं. चौथ्या दिवशी दुपारी अडीचला रेकॉर्ड रूममधला फोन वाजला. जावई होता. बाळ सकाळपासून दूध ओढत नव्हतं, अंग गार पडलं होतं, रंग उतरला होता. रक्तात जंतू गेलेत म्हणाले. काचेच्या खोलीत नेलंय, इंजेक्शनं सुरू करणार आहेत.

"कुठली इंजेक्शनं?" रेकॉर्डबाईने विचारलं.

त्याला ठाऊक नव्हतं.

तिने त्याला सांगितलं, आत जा, डॉक्टरांना म्हणा मावशी येईपर्यंत जेंटामायसिन देऊ नका, त्या कुळातलं कुठलंच देऊ नका. ताईला दिलेलं स्ट्रेप्टोमायसिनही त्याच कुळातलं, हे तिला चौकशीवालीने सांगितलं होतं. तो गोंधळला. डॉक्टरांना असं कसं सांगायचं? आणि का? ती का ते सांगणार तोच पलीकडे कुणीतरी त्याला हाक मारली आणि फोन बंद झाला.

तिने ड्रॉवरमधून अहवाल काढला आणि चप्पल पायात सरकवत रस्ता गाठला. प्रसूतिगृह शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. टॅक्सीत बसल्यावर जावयाला पुन्हा फोन लावला, तो उचलेना. प्रसूतिगृहाच्या नंबरवर एका मुलीने शांतपणे सांगितलं, अशा सूचना फोनवर घेता येत नाहीत. ताईला फोन करून उपयोग नव्हता. तिला मेसेज पाठवला: 'जेंटा देऊ देऊ नकोस. कळलं ना.' ताईने तो पाहिला नाही. चौकशीवाली वर्गात शिकवत होती, तिला निरोप ठेवला. पुलाच्या तोंडाशी गाड्या अडकल्या होत्या. दहा मिनिटं टॅक्सी जागची हलली नाही, तेव्हा पैसे सीटवर ठेवून ती उतरली आणि पन्नाशीच्या गुडघ्यांनी पूल पळत ओलांडला. एकच हिशोब तिच्या डोक्यात फिरत होता: एक सुईसुद्धा पुरते.

दुसऱ्या मजल्यावर काचेच्या खोलीबाहेर सगळे उभे होते. भाची खुर्चीत अर्धवट कलंडून बसलेली, जावई, त्याची आई, आणि भिंतीला पाठ लावून ताई. रेकॉर्डबाई कुणाशी बोलली नाही. काचेतून तिला बाळ दिसलं, मुठीएवढ्या तोंडावर नळी, आणि ट्रे घेऊन वळणारी नर्स. ट्रेमध्ये दोन सिरिंज होत्या. तिने दार ढकललं.

नर्स म्हणाली, आत यायचं नाही. रेकॉर्डबाईने विचारलं, त्यात काय आहे. एक अँपिसिलिन, ते गेलं. दुसरं जेंटा, ते आता देतेय.

"देऊ नका," रेकॉर्डबाई म्हणाली आणि ट्रेवर सरळ हात ठेवला.

आवाज ऐकून डॉक्टर आला. पोरसवदा होता, डोळे तारवटलेले. आधी तो चिडला, आणि ते बरोबरच होतं. एवढ्याशा जिवाला तासाचा उशीरही महाग पडतो, तुम्ही कोण, बाहेर व्हा. ती म्हणाली, उशीर नकोच आहे, दुसरं औषध द्या. आणि अहवाल पुढे केला. त्याने तो एकदा वाचला, मग वरची तारीख पाहून परत वाचला.

"हा तुमचा ना? बाळाशी तुमचं नातं काय?"

इथे ती थांबली. दार उघडंच होतं. उंबऱ्यावर जावयाची आई येऊन उभी होती आणि तिच्या मागे ताई, धाकटीच्या ओठांवर डोळे रोखून. रेकॉर्डबाईने ताईकडे पाहिलं आणि तिला नीट वाचता येईल अशा बेताने एकेक शब्द उच्चारला.

"बाळाची आजी माझी सख्खी बहीण. आम्ही एका आईच्या. हिचे कान तापाने गेले नाहीत, याच कुळातल्या औषधाने गेले. माझ्या रक्तात आहे ते हिच्या आहे, हिच्या मुलीच्या आहे आणि या बाळाच्याही असणार."

जावयाची आई म्हणाली, आम्हाला हे कुणी बोललं नाही.  डॉक्टरने सिरिंज बाजूला ठेवली होती, पण तो काळजीत पडला होता. त्याने भाचीला आणि जावयाला समोर घेतलं आणि काहीही न लपवता सांगितलं. दुसरं औषध आहे, चांगलं आहे, बहुतेक लागूही पडेल. पण इथल्या जंतूंवर जेंटाची त्याला जास्त खात्री होती. कुठला जंतू आहे ते रक्ताच्या तपासणीतून दोन दिवसांनी कळणार. तोवर अंदाजानेच चालायचं. बाळाचं स्वतःचं रक्त तपासून अहवाल यायलाही वेळ लागणार. आईबापांनी ठरवायचं, आणि आत्ता ठरवायचं.

भाचीने मावशीकडे पाहिलं. "मावशी, तुझं असतं तर तू काय केलं असतंस?"

रेकॉर्डबाई बोलण्याआधीच ताई पुढे झाली. तिचा तो सपाट, मोठा आवाज अख्ख्या मजल्यावर गेला. "मी बहिरी आहे. मेलेली नाही. संसार केला, तुला वाढवलं. माझ्यासारखी होईल या भीतीने पोरीचा जीव पणाला लावू नका."

 रेकॉर्डबाईला हे बोल वर्मी लागले, कारण त्यात खोटं काहीच नव्हतं. ती डॉक्टरला म्हणाली, "तुमची स्वतःची मुलगी असती आणि हा कागद हातात असता, तर तुम्ही कुठलं दिलं असतं?"

डॉक्टरने क्षणभर बाळाकडे पाहिलं. "दुसरं," तो म्हणाला. "आणि दर तासाला बघत बसलो असतो. बिघडतंय असं वाटलं असतं तर जेंटा दिलं असतं, कानांचा विचार न करता."

भाचीने सही केली. दहा मिनिटांत दुसरं औषध सुरू झालं.

पुढचे दोन दिवस कसे गेले ते रेकॉर्डबाईने पुढे कुणाला नीट सांगितलं नाही. ती त्या बाकावरून हलली नाही. ताई दुसऱ्या टोकाला, पाठ फिरवून बसली. बहिऱ्या माणसाने पाठ फिरवली की बोलणंच संपतं, मग तुम्ही कितीही ओरडा. जावयाची आई येता जाता पुटपुटायची, लग्नाआधी सांगायला हवं होतं.  पहिल्या संध्याकाळी चौकशीवाली आली, डॉक्टरशी अर्धा तास बोलली, आपले कागद त्याला दिले आणि जाताना रेकॉर्डबाईचा खांदा दाबून गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाळाचा श्वास वाढला. छाती भात्यासारखी हलायला लागली. डॉक्टर बाहेर आला आणि म्हणाला, दुपारी रक्ताचा अहवाल येईल. त्यात हे औषध कामाचं नाही असं निघालं, किंवा तोवर बाळ आणखी घसरलं, तर मी थांबणार नाही.

"थांबू नका," रेकॉर्डबाई म्हणाली. "मी आडवी येणार नाही."

तो आत गेला आणि ती परत बाकावर बसली. आपण हे कशासाठी केलं, हा प्रश्न तिला आता टाळता येईना. बाळासाठी, की पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या त्या पलंगाखालून बाहेर येण्यासाठी? बाळ गेलं तर भाचीच्या तोंडाकडे कसं पाहायचं? ताई म्हणाली तेच खरं ठरणार होतं. बहिरी नात चालली असती, पण गेलेली परत आली नसती. अकरा वाजले, बारा वाजले, एक वाजून गेला. प्रत्येक वेळी दार उघडलं की बाकावरची सगळी माणसं अर्धवट उठायची आणि परत बसायची.

सव्वादोनला डॉक्टर कागद घेऊन आला. चालू औषधाने जंतू मरत होता. आणि बाळाचा श्वास बाराच्या सुमारालाच उतरू लागला होता, पण खात्री झाल्याशिवाय त्याला बोलायचं नव्हतं. जावई भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडला. त्याच्या आईने त्याला जवळ घेतलं. भाचीने मावशीचे दोन्ही हात धरले आणि धरूनच ठेवले. ताईने डॉक्टरचे ओठ वाचले होते. ती उठली, काचेपाशी गेली आणि तिथेच उभी राहिली. धाकटीकडे तिने पाहिलं नाही.

महिन्याभराने बाळाच्या कानांची तपासणी झाली. बाळ झोपलेलं, कानात इवलीशी नळी, यंत्रावर हिरव्या रेषा. ताई तपासणाऱ्या बाईच्या समोर खुर्ची ओढून बसली होती. बाई म्हणाली, दोन्ही कान उत्तम. ताईने तिला ते परत म्हणायला लावलं, सावकाश. मग आणखी एकदा. बाळाच्या रक्ताचा अहवालही तोवर आला होता. मावशीच्या अहवालात होता तोच फरक त्यात होता.

ताईचा अबोला मात्र सुटला नाही. तू शपथ मोडलीस, हे तिने एका चिठ्ठीत लिहून पाठवलं आणि त्याखाली काही लिहिलं नाही. भाचीच्या घरातही सगळं लगेच गोड झालं असं नाही. सासूला वर्ष लागलं. नात पहिल्यांदा तिच्या हाकेला मान वळवून हसली, त्यानंतर तिचा आवाज जरा खाली आला, एवढं खरं.

चौकशीवालीचं काम पूर्ण झालं. तिने शोधलेल्या बहिऱ्यांपैकी दर सहामागे एकाच्या बाबतीत औषध आणि रक्त यांची अशी गाठ पडलेली निघाली. ते बहिरेपण कुणाला न दुखवता, नुसतं औषध बदलून टाळता आलं असतं. वरिष्ठ बराच काळ कुरकुरले, मग सरकारी रुग्णालयांत रुग्ण दाखल करण्याच्या कागदावर एक ओळ वाढली: 'आईच्या माहेरी कुणी इंजेक्शननंतर बहिरे झाले आहे का?' कागदावर एक ओळ वाढवायला दोन वर्षं लागतात हे रेकॉर्डबाईला नवीन नव्हतं. पण तेवढं थांबायला ती तयार नव्हती. तिने आईच्या आजीपासून खाली आईकडच्या बायांची वंशावळ मांडली, कार्डं छापून घेतली, आणि दर रविवारी एकेक घर गाठू लागली. कार्डावर फक्त कुठली औषधं द्यायची नाहीत तेवढं लिहिलेलं. काहींनी चहा दिला, काहींनी दारातूनच परत पाठवलं. वाटेत भेटलेल्या एका मामेबहिणीने विचारलं, आमच्यात खोट काढायला आलीस का? रेकॉर्डबाई म्हणाली, मामा माझ्या आईचा सख्खा भाऊ, त्याच्याही रक्तात ते असणार, पण बापाकडून हे येत नाही. तू सुटलीस, तुला कार्ड नाही. ती आणखीच चिडली.

यादीत एकतीस नावं झाली होती. एका रविवारी रेकॉर्डबाई कार्डं पिशवीत भरत असताना ताई आली. काही न बोलता तिने टेबलावरची यादी उचलली आणि बोट फिरवत शेवटपर्यंत वाचली. मग पेन मागितलं. धाकट्या मावशीची एक मुलगी लग्नानंतर लांब गेली होती, तिचा ताईशिवाय कुणाशी संबंध उरला नव्हता. ताईने तिचं नाव लिहिलं, खाली पत्ता लिहिला.

"ही राहिली," ती म्हणाली. "तिला तीन मुली आहेत. चल, मी येते. तुला एकटीला ते दारात उभं करणार नाहीत."